रात्रीची थ्री फेज आणि आमची गेलेली झोप : शेतीपंपाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

माननीय साहेब,

शेतीपंपाला थ्री फेज वीज, म्हणजे ज्या विजेवर आमच्या मोटारी चालतात ती, कधी सोडायची हे जे जे ठरवतात, सबस्टेशनपासून मुंबईतल्या ऑफिसपर्यंत ज्यांची ज्यांची त्या कागदावर सही लागते, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. आमच्या फीडरचं, म्हणजे सबस्टेशनवरून आमच्याकडे येणाऱ्या वीजवाहिनीचं, रब्बीचं नवीन वेळापत्रक आलं, त्यात परत तेच आहे, एक आठवडा दिवसा साडेआठ ते साडेचार आणि दुसरा आठवडा रात्री दहा ते सकाळी सहा. मागच्या हिवाळ्यात गावाने सह्या करून अर्ज दिला होता की रात्रीची पाळी बंद करा. अर्जाची पोच मिळाली, उत्तर काही आलं नाही, आणि आता हे वेळापत्रक आलंय म्हणजे तेच उत्तर समजायचं. म्हणून मी जाहीरपणे लिहितेय, म्हणजे तुमच्याबरोबर बाकीच्यांनीही वाचावं.

मी आशा सेविका आहे, नगर जिल्ह्यातल्या म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या एका गावात. हे पत्र आरोग्य खात्याच्या वतीने नाहीये, एका कांदा-गहू करणाऱ्या शेतकऱ्याची बायको म्हणून लिहितेय. पण घरोघरी फिरणं हे माझं काम आहे, तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म मी भरते, कोणाला बीपी निघाला कोणाला शुगर निघाली हे मला माहिती असतं, त्यामुळे मी जे बघतेय ते फक्त माझ्या घरातलं नाहीये.

रात्रीच्या विजेबद्दल बोललं की सगळे साप, बिबट्या आणि शॉक यावर बोलतात. ते बरोबरच आहे, जीव जातो तिथे. आमच्या पट्ट्यात उसात बिबट्या बसलेला असतो हे लहान पोरगंसुद्धा सांगेल. मण्यार रात्रीच फिरते, घोणससुद्धा अंधार पडल्यावर बाहेर निघते, आणि भारतात सर्पदंशाने वर्षाला अंदाजे 58 हजार माणसं मरतात, त्यात बहुतेक खेड्यातली. 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करायचा आराखडा काढलाय. चांगलंय. पण जो माणूस सकाळी सहाला चिखलाने भरलेले पाय घेऊन धडधाकट घरी येतो, त्याचं काही झालं असं कोणी धरतच नाही. माझं म्हणणं त्या माणसाबद्दल आहे. तो दर हिवाळ्यात, दर उन्हाळ्यात, पंचवीस-तीस वर्षं असाच धडधाकट घरी येतोय आणि पन्नाशीच्या आत बीपी-शुगरवाला म्हणून माझ्या वहीत येतोय.

आधी ती रात्र कशी जाते ते सांगते, कारण वेळापत्रकात नुसतं 22.00 ते 06.00 लिहिलेलं असतं. दहाला वीज येणार म्हणून माणूस साडेनऊला निघतो. मोटार चालू करून पाणी वाफ्यापर्यंत यायला वेळ जातो, मग कांद्याचा वाफा थोड्या मिनिटांत भरतो, तो भरला की दारं मोडायचं, म्हणजे माती ओढून पाणी वळवायचं, पुढच्या वाफ्याला लावायचं, परत मोडायचं. उसाच्या सरीला जरा जास्त वेळ मिळतो, कांद्याला नाही, त्यामुळे बांधावर पोतं टाकून अंग टेकायचं म्हटलं तरी पंधरा मिनिटाच्या वर डोळा लागत नाही, लागला तर पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या गव्हात. त्यात मध्येच ट्रिप होतं, म्हणजे वीज जाते. आता येईल मग येईल म्हणत तासभर बसायचं, निघून आलं आणि मागे वीज आली तर पाळी वाया जाते, मग बसायचंच. डिसेंबर-जानेवारीत थंडी इतकी असते की ओल्या पायाला मुंग्या येतात. सहाला वीज गेली की झोपायला मिळेल असं तुम्हाला वाटत असेल. सहाला गाया पिळायच्या असतात, सात वाजता डेअरीवर दूध घालायचं असतं, त्याला कुठलं वेळापत्रक बदलून मिळत नाही. मग नऊ-दहाला माणूस आडवा होतो. बाहेर ऊन, पोरांचा आवाज, फोन, मजूर आलेले असतात. दोन-अडीच तासाच्या वर कोणाला झोप लागलेली मी बघितली नाही. आणि पुढच्या आठवड्यात सगळं उलटं, पहाटे उठून दिवसाची पाळी.

बरेच जण म्हणतात की दिवसा भरून काढा झोप. तसं होत नाही, आणि हा आळसाचा किंवा सवयीचा प्रश्न नाहीये. आपल्या मेंदूत डोळ्यांच्या मागच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो उजेडावरून शरीराचं घड्याळ लावतो. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, अंगाचं तापमान पहाटेपर्यंत उतरत जातं, सकाळी कॉर्टिसोल वाढून शरीर उठायला तयार होतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, हॉल, रोसबॅश आणि यंग यांना, 2017 चं नोबेल मिळालंय. दिवसा झोपायला गेलं की हे घड्याळ जागं राहा म्हणत असतं, म्हणून दिवसाची झोप तुकड्या-तुकड्याची होते आणि कमी होते. कायम रात्रपाळी असेल तर शरीर थोडंफार तरी जुळवून घेतं, दर आठवड्याला उलटं केलं तर तेवढंही जमत नाही, सगळं लागायच्या आतच परत मोडतं. तुमच्या वेळापत्रकाने आमच्या माणसांवर नेमकी हीच पद्धत लावलीये.

मोठ्या माणसाला रात्री कमीत कमी सात तास झोप लागते. एखादी रात्र गेली तर शरीर सांभाळून घेतं. वर्षानुवर्षं गेली की काय होतं ते मी उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना विचारून, मिळेल ते वाचून समजून घेतलंय, ते इथे मांडते.

बीपी. चांगली झोप लागली की रात्री बीपी दिवसापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के खाली येतो, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. झोपच नसेल तर तो खाली येत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं की वाढलेला बीपी तसाच राहतो आणि पुढे हार्ट अटॅक, लकवा यांचा धोका वाढतो. माझे मिस्टर चव्वेचाळीस वर्षांचे आहेत, तंबाखू नाही, दारू नाही, अंगाने बारीक, बीपी एकशे साठच्या वर निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं आणि झोप नीट घ्या सांगितलं. मीठ मी कमी केलं. झोपेचं काय करू ते तुम्ही सांगा.

शुगर. 1999 मध्ये अमेरिकेत शिकागोला अकरा तरुण निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद इतकी कमी झाली की मधुमेहाच्या आधीची पायरी दिसायला लागली. सहा रात्री. मुलं तरुण होती आणि नंतर त्यांना भरपूर झोप दिली, त्यामुळे ती सावरली. शिवाय झोप कमी झाली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं, पोट भरलं म्हणून सांगणारं कमी होतं, म्हणून जागरणानंतर गोड, तळलेलं, चहावर चहा असं खायची ओढ लागते. आमच्याकडे लोकांना आश्चर्य वाटतं की दिवसभर राबणाऱ्या माणसाला शुगर कशी होते, ती तर शहरातल्या बसून काम करणाऱ्यांना होते. आमच्या फॉर्ममध्ये जोखमीचे गुण असतात, वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यात कोणाला आजार आहे का. चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी पाठवायचं. व्यायामात शेतकऱ्याला काळजीच नसते. त्या गुणांमध्ये झोपेला जागाच नाहीये, त्यामुळे पाणी भरणारा माणूस कागदावर कमी जोखमीचा दिसतो आणि प्रत्यक्षात मशीन लावल्यावर वेगळंच निघतं. हे मी आमच्या खात्यालाही सांगणार आहे, फक्त तुम्हाला नाही.

आजारपण. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट असते असं 2009 च्या एका प्रयोगात दिसलं, लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू घालून बघितलं होतं. झोप गेली की प्रतिकारशक्ती कमी होते. रात्री ओल्यात उभं राहणारी आमची माणसं हिवाळाभर खोकत असतात आणि त्याला थंडी बाधली म्हणतात.

कॅन्सरबद्दल मला जपून लिहायचंय. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, तिने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला माणसात बहुधा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं आणि 2019 मध्ये सगळं पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. ही माहिती मुख्यतः नर्सेस आणि पाळीत काम करणाऱ्यांवरून आलेली आहे, शेतात पाणी भरणाऱ्यांवरून नाही, त्यामुळे आमच्या गावात कोणाला झालेला कॅन्सर विजेमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मी डोळ्याने बघते. रात्री जागं राहायला माणूस मावा खातो, तंबाखू लावतो. दिवसा न खाणारे पोरं पाण्यावर असताना खायला लागले आणि मग सुटलं नाही. तोंडाचा कॅन्सर तंबाखूने होतो हे आम्ही गावात ओरडून सांगतो, आणि ती तंबाखू सुरू कुठे झाली हे विचारलं की बरेच जण पाण्याच्या पाळीवर असं सांगतात.

आता मनाचं. झोपेचा आणि मनाचा संबंध इतका जवळचा आहे की आधी काय बिघडलं हे बऱ्याचदा सांगता येत नाही. पूर्वी असं समजायचे की मन खचलं म्हणून झोप जाते. पण बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब 2011 मध्ये मांडला तेव्हा दिसलं की ज्यांना सुरुवातीला नैराश्य नव्हतं पण निद्रानाश होता, त्यांना पुढे नैराश्य यायची शक्यता साधारण दुप्पट होती. माणूस चिडचिडा होतो, छोट्या गोष्टीवर अंगावर येतो, हिशोब चुकतो, निर्णय घ्यायचं टाळतो. घरातल्यांना वाटतं स्वभाव बदलला. दारं धरून आलेला बाप पोराला उगाच मारतो आणि मग स्वतःच गप्प बसून राहतो, हे बायका मला ओट्यावर बसून सांगतात. काही जण झोप यावी म्हणून संध्याकाळी घ्यायला लागलेत, दारूने डोळा लागतो पण झोप मोडमोडून होते, मग दुसऱ्या दिवशी अजून थकवा आणि अजून घ्यायची. शेतकरी आत्महत्येचं कारण झोप आहे असं मी कधीच म्हणणार नाही, कर्ज आहे, भाव नाही, पाऊस नाही, ते सगळं आहेच आणि त्याला पर्याय म्हणून झोपेचं नाव पुढे करणं हा मेलेल्यांवर अन्याय होईल. पण तेच कर्ज, तोच पडलेला भाव झोप झालेल्या माणसाला आणि महिनोन्महिने झोप न झालेल्या माणसाला सारखा झेपत नाही. सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, 2022 पासून टेलीमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याच्या मदतीचा, 14416 नंबर आहे, तो मी घरोघरी देते आणि वाचणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा. एका हाताने समुपदेशन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाची झोप काढून घ्यायची, हे एकाच राज्याच्या दोन खात्यांनी एकमेकांशी बोलून थांबवायला हवं की नको?

अजून एक मुद्दा आहे, तो तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात शंभर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो. आपल्या देशात गाडी चालवायला मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. आता हिशोब करा. शेतकरी पहाटे पाचला उठतो, सतरा तास धरले तर रात्रीचे दहा होतात. म्हणजे तुम्ही वीज सोडता त्या मिनिटाला तो माणूस कायद्याने गाडी चालवायला नालायक ठरेल इतका मंद झालेला असतो, आणि त्या अवस्थेत तो ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीला हात लावतो, फ्यूज गेला तर डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ जातो, कारण रात्री वायरमन येत नाही. सकाळी तोच माणूस दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून हायवे ओलांडतो. शॉकने कोणी गेलं की पंचनाम्यात निष्काळजीपणा लिहिला जातो. तो किती तासांचा जागा होता हे कोणी विचारत नाही.

आणि माणसाला स्वतःला हे कळत नाही, हे सगळ्यात वाईट. 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखं घसरलं होतं, पण त्यांना विचारलं तर ते म्हणायचे थोडी झोप येतेय, बाकी ठीक आहे. आमची माणसं पण हेच म्हणतात, ठीक आहे, सवय आहे आपल्याला. ही सवय नसते, आपण किती घसरलोय ते कळणं बंद झालेलं असतं.

बायकांचं तर कुठेच येत नाही. नवरा रात्री शेतात असला की बाई झोपते का? बॅटरी घेऊन सोबत जाते, किंवा घरी पोरांजवळ पडून फोनकडे बघत राहते. ज्या घरात पुरुष माणूस नाही, विधवा आहे किंवा नवरा पुण्याला कामाला आहे, तिथे तीच दारं धरते, आणि पहाटे चूल, पाणी, शाळेचे डबे, गाया. अशा बायकांमध्ये डोकं दुखणं, छातीत धडधड, पाळी पुढे-मागे होणं हे मी नेहमी ऐकते. गरोदर बाईसुद्धा बॅटरी धरायला गेलेली मी बघितलीये आणि तिला रागावले, पण तिने विचारलं की मग कोण जाणार, तेव्हा मला काही सांगता आलं नाही.

तुमच्याकडून नेहमी येणारी उत्तरं मला माहिती आहेत.

शेतीत असंच असतं, पूर्वीपासून चालत आलंय, हे एक. आमचे सासरे, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी मोट हाकलीये. मोट पहाटे जुंपायची आणि ऊन चढलं की बैल सोडायचे, कारण बैलालाही रात्री झोप लागते हे त्यांना कळत होतं. जागलीला जायचे ते पाखरं-जनावरं राखायला, तिथे माळ्यावर पडून डुलकी तरी मिळायची. विहिरीच्या पाण्यावर रात्रभर उभं राहून भरणं मोटेच्या काळात नव्हतं, ते विजेच्या पाळ्यांबरोबर आलं, आणि जे वेळापत्रकाने आणलं ते वेळापत्रकाने काढता येतं.

दुसरं उत्तर, ठिबक करा, मोबाईल स्टार्टर बसवा. बसवलाय बऱ्याच जणांनी. मोबाईलवरून मोटार चालू होते, दारं मोडली जात नाहीत. ठिबकने काम हलकं होतं हे खरं, पण दोन एकरवाल्या सगळ्यांकडे ते नाही, आणि आहे त्यांनासुद्धा फिल्टर चोकअप, लाईन उंदराने कुरतडली, मोटार उपसा करतेय का नाही हे बघायला उठावंच लागतं. आणि वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावू नका, वीज आल्यावर सगळ्या मोटारी एकदम चालू होऊन डीपीवर लोड येतो, हे तुमचेच लोक सांगतात आणि ते बरोबर सांगतात. मग रात्री बटण दाबायला माणूसच लागणार.

तिसरं, बिल माफ आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून बिल नाही, त्याचा आम्हाला फायदा झालाय आणि ते मी मान्य करते. पण बिलाचे वाचलेले पैसे बीपीच्या गोळ्यांना जात असतील तर घराच्या हिशोबात काही उरत नाही. आणि फुकट आहे म्हणून वेळेबद्दल बोलू नये असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

दिवसा वीज पुरत नाही, दिवसा कारखाने आणि ऑफिसं असतात, रात्री मागणी कमी म्हणून शेतीला रात्री, हे खरं कारण होतं आणि एकेकाळी त्यात अर्थही होता. आता सौर विजेने ते उलटं झालंय ना? सूर्याची वीज दिवसाच तयार होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला, दोन्हीचा हेतूच शेतकऱ्याला दिवसा वीज असा सांगितलाय. म्हणजे सरकारला पटलेलं आहे. ज्या गावांच्या फीडरवर सौर प्रकल्प चालू झाला तिथल्या लोकांना आम्ही भेटतो, ते सांगतात की आठ तास दिवसा मिळते आणि रात्री गाव झोपतं. आमच्या फीडरचा नंबर कधी, हे विचारलं की प्रक्रियेत आहे एवढंच कळतं.

कारखान्यातल्या कामगाराला कायदा आहे, तासाची मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी आहे, ओव्हरटाइमला दुप्पट पैसे आहेत. नर्सला रात्रपाळी असते पण नंतर सुट्टी मिळते, तीही पुरत नाही हा वेगळा विषय. शेतकऱ्याची रात्रपाळी कोणाच्याच हजेरीवर नाही. साप चावला, शॉक लागला, जनावराने ओढून नेलं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत घरच्यांना दोन लाख मिळतात. बीपी वाढून लकवा आला तर तो अपघात नसतो, त्याला काही नाही.

म्हणून आमच्या मागण्या, साध्या आहेत आणि जमतील अशा आहेत.

1. आमच्या फीडरचं रात्री दहा ते सहाचं वेळापत्रक या रब्बीतच मागे घ्या. एकाच वेळी सगळ्यांना दिवसा देता येत नसेल तर दोन गट करा, एकाला पहाटे पाच ते दुपारी एक आणि दुसऱ्याला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दहा ते एक दोन्ही गट एकत्र येतात, पण तेव्हाच सौर वीज भरपूर असते, आणि संध्याकाळच्या घरगुती लोडच्या आत शेती बंद होते. सबस्टेशन तेवढं झेपत नाही असं असेल तर किती कमी पडतंय आणि काय बसवायला लागेल ते लेखी द्या, म्हणजे आम्ही ते कुठे मागायचं तिथे मागू.

2. कुठलीही अडचण आली तरी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत शेतीपंपाची पाळी लावायची नाही. दिवसा ट्रिप झालेले तास भरून देताना तेही मध्यरात्री द्यायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी द्यायचे.

3. दर आठवड्याची उलटापालट बंद करा. एका गटाला पूर्ण हंगामभर एकच वेळ ठेवा, पुढच्या हंगामात गट बदलला तर चालेल.

4. हंगामाचं वेळापत्रक पेरणीच्या आधी ग्रामपंचायतीत लावा आणि बदल असेल तर आदल्या दिवशी मेसेज करा. आत्ता बदल कळतो तो मोटार चालू होत नाही तेव्हा.

5. आमच्या गावाच्या सौर फीडरची तारीख लेखी सांगा, जागा अडली असेल तर कुठे अडली ते सांगा, ग्रामसभा घेऊन जागा बघायला आम्ही तयार आहोत.

6. वेळापत्रक ठरवायच्या बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बसवा. लोडचे आकडे तुमच्याकडे आहेत, बीपी-शुगरचे आकडे त्यांच्याकडे आहेत, एका टेबलावर या. आणि जिल्ह्यातल्या रात्रीच्या आणि दिवसाच्या फीडरवरच्या गावांची तब्येत एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजकडून तपासून घ्या, आम्ही आशा घरोघरी माहिती गोळा करून देऊ.

हे होईपर्यंत जिथे जिथे रात्रीची वीज चालू आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री सर्पदंशाची लस आणि ती द्यायला डॉक्टर हजर पाहिजेत, हे मी आरोग्य खात्याला वेगळं लिहिलंय.

गावातल्या लोकांना पण सांगते. झोप येते म्हणायला लाजू नका. शेतकऱ्याला कुठली आलीये झोप, असं आपणच मोठेपणाने बोलतो आणि मग समोरच्यालाही वाटतं की यांना लागत नाही. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाणी भरून आल्यावर लगेच गाडी चालवू नका, डेअरीवर दुसऱ्या कोणाला पाठवा, दिवसा झोपताना खोलीत अंधार करा, फोन बंद ठेवा, आणि बीपी-शुगर तपासून घ्या, उपकेंद्रात फुकट होते. याने प्रश्न सुटत नाही, पण वेळापत्रक बदलेपर्यंत तेवढं तरी करा.

साहेब, आमचा अर्ज परत जोडून दिलाय, सह्या या वेळेला जास्त आहेत आणि त्यात बायकांच्या सह्या वेगळ्या कागदावर आहेत. पुढची रात्रीची पाळी सोमवारी चालू होतेय. त्याच्या आत लेखी उत्तर द्या, नाहीतर सोमवारी रात्री दहाला आम्ही सगळे, ज्यांना शक्य आहे त्या बायका आणि म्हातारी माणसंसुद्धा, सबस्टेशनच्या गेटवर शांतपणे येऊन बसणार आहोत आणि सकाळी सहापर्यंत बसणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांनी या वेळापत्रकावर सही केलीये त्यांनी त्या रात्री आमच्याबरोबर जागं बसावं अशी विनंती आहे.

आपली,
एक आशा सेविका आणि शेतकरी
अहिल्यानगर जिल्हा